चाळीस नंबरचा शर्ट नेमका कुणाच्या मापाचा?

लग्नसराई आली की कापडाच्या दुकानात काही वाक्यं हमखास ऐकू येतात. "छातीला बरोबर आहे, पण खांदा उतरतोय." "गळ्याचं बटण लागत नाही, बाकी मस्त." दुकानदार म्हणतो, "काका, एक नंबर मोठा घ्या." मोठा घेतला की बाही बोटांवर येते. मग आपण आपल्याच पोटाला नाहीतर खांद्याला दोष देतो आणि पैसे देऊन बाहेर पडतो.

मंडळी, दोष अंगाचा नाही. कॉलरवरचा तो नंबर कुठून आला, हे एकदा बघा.

युरोपातले जुने शिंपी आकडे लिहीत नसत. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची किंवा चामड्याची एक पट्टी असायची. छातीला एक खाच, बाहीला एक खाच. एक पट्टी, एक माणूस. इंचांच्या खुणा असलेला टेप रुळला तो एकोणिसाव्या शतकात. आता दोन माणसांची मापं शेजारी ठेवून बघता येऊ लागली आणि तिथूनच सरासरीचा खेळ सुरू झाला.

बेल्जियमच्या केतले नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १८४६ मध्ये ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं मांडली. सरासरी आली जवळपास ४० इंच. हे आकडे मुळात आले होते लष्कराला पुरवठा करणाऱ्या एका कंत्राटदाराकडून. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) लाखो गणवेश एकदम लागले. सैनिकांची मापं घेतली, तेव्हा काही मापं एकमेकांसोबत पुन्हापुन्हा येतात असं दिसलं. त्यावरून ठरावीक साइज निघाले आणि युद्धानंतर तेच पुरुषांच्या रेडिमेड कपड्यांत आले. म्हणजे रेडिमेड शर्टाचा हा पूर्वज लष्कराच्या गोदामातला आहे.

पण सरासरी माणूस असतो तरी कुठे? १९५० मध्ये अमेरिकी हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यातली दहा मापं निवडली आणि दहाही मापांत सरासरीच्या जवळ बसणारे किती, ते मोजलं. उत्तर आलं शून्य. एकही नाही! तेव्हा विमानातली बैठकच मागेपुढे करता येईल अशी करायची, या विचाराने जोर धरला.

आता आपल्याकडे या. आपल्या जुन्या कपड्यांना हा प्रश्न फारसा नव्हता. धोतर, उपरणं कुणालाही चालतं. बाराबंदीचे बंद घट्ट-सैल करता येतात. कॉलर, कफ आणि बटणांचा शर्ट आला आणि अर्ध्या इंचाला किंमत आली.

इंग्रजांनी आपली मापं घेतली नाहीत असं नाही. भरपूर घेतली, पण कपडे शिवायला नव्हे. रिस्ले साहेबाने नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड लावायचा उद्योग केला. अशाच मापांचा आधार घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. टेप तोच असतो. कोण मोजतो आणि कशासाठी मोजतो, यावर सगळं ठरतं.

आपल्या अंगासाठी आपली मापं कुणी लिहून ठेवली असतील तर ती गावोगावच्या टेलरने. मळकी वही, कानावर पेन्सिल, पानाच्या कोपऱ्यात पिनेने टोचलेला कापडाचा तुकडा. एक खांदा उतरता आहे, पाठीत बाक आहे, हे तो न बोलता कापडात सांभाळून घेतो. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा, पण त्याची वही अजून इंचातच आहे. गंमत बघा, वहीतला ४० म्हणजे छातीचे इंच. रेडिमेड फॉर्मल शर्टावरचा ४० मात्र बहुतेक वेळा गळ्याचे सेंटिमीटर, म्हणजे पावणेसोळा इंच. आकडा एक, अर्थ दोन. फसतो आपण.

भारतीयांच्या अंगाचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने 'निफ्ट'कडे 'इंडियासाइज' सर्वेक्षण दिलं. सहा शहरांत २५ हजारांहून जास्त लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, असं ठरलं. उशिरा का होईना, गोष्ट चांगली आहे. पण उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्याचा खांदा आणि खुर्चीत बसून काम करणाऱ्याचा खांदा एकच असतो का? शहरातल्या मापात आपला तालुका किती येणार, हे विचारायलाच हवं.

कारण न मोजता कपडे वाटले की काय होतं, ते आपण २०२४ मध्ये पाहिलं. 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून शाळेच्या गणवेशाचं काम राज्य पातळीवर गेलं. गणवेश उशिरा आले, कुठे ढगळ, कुठे आखूड, अशा तक्रारी जिल्ह्याजिल्ह्यांतून आल्या. शेवटी पुढच्या वर्षापासून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे द्यायचं ठरलं. शिवणाऱ्या बचत गटातल्या बायकांना नावं ठेवू नका. पोराच्या अंगाला टेप न लावता मुंबईतून आकडा पाठवला, तर जगातला कुठलाही कारागीर काय करणार?

तोवर आपल्या हातात असलेलं करू. घरात पाच मापं लिहून ठेवा:

१. गळा: टेपच्या आत एक बोट ठेवून.
२. छाती: काखेखालून, सर्वांत रुंद जागी. श्वास रोखू नका.
३. पोट: आत ओढायचं नाही! खरं माप द्या.
४. खांदा: पाठीमागून, हाडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.
५. बाही: खांद्याच्या टोकापासून मनगटाच्या हाडापर्यंत.

याहून सोपा उपाय म्हणजे अंगाला छान बसणारा जुना शर्ट बटणं लावून सपाट पसरा आणि तोच मोजा. दुकानात नंबर न बघता हे आकडे जुळवा. खांदा आधी जुळवा. पोट, बाही, उंची नंतर कमी करता येते, खांदा दुरुस्त करणं मात्र महागात पडतं.

आणि गावातल्या टेलरकडे वर्षातून एक तरी शर्ट शिवा. आपल्या तालुक्याच्या खांद्यांचं एकमेव रेकॉर्ड त्याच्या वहीत आहे. तो दुकान बंद करेल, तेव्हा ती वही रद्दीत जाईल.