साडेअकरा पौंडांचा हिशोब आणि मुकुटबनचा प्रश्न

मुकुटबनला वस्तीतल्या पोरांसोबत बसलो होतो. बोलणं परदेशी शिक्षणावर आलं. विद्यापीठं, शिष्यवृत्त्या, इंग्रजीची परीक्षा यावर सगळेच बोलले. शेवटी एकाने विचारलं, "दादा, तिथं उतरल्यावर बँकेत खातं कसं उघडायचं?" दोघं-तिघं हसले. मला मात्र तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटला. प्रवेश गुणवत्तेवर मिळतो. परदेशात टिकणं ठरतं ते पैसा कोणाच्या हातात आहे, कधी येतो आणि कोणाच्या मर्जीने थांबतो यावर. हा धडा बाबासाहेबांच्या चरित्रात आहे, आणि जयंतीच्या भाषणात आपण तो नेमका गाळतो.

4 जून 1913 रोजी बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाच्या करारावर सही केली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि शिक्षण झाल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. सयाजीरावांबद्दलची कृतज्ञता आपल्या मनात आहे आणि राहील. पण त्या पैशाला करार होता, मुदत होती, ही गोष्टही तेवढीच खरी. जुलै 1913 मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. 1915 मध्ये कोलंबियाची एम.ए. झाली. 1916 मध्ये लंडनला येऊन त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन अशा दोन्ही ठिकाणी नाव घातलं. आणि 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. बुद्धी कमी पडली नव्हती, पैसा थांबला होता. पुन्हा येण्यासाठी विद्यापीठाने चार वर्षांची सवलत दिली, एवढाच दिलासा.

पुढचं बडोदं सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते या प्रश्नाच्या बाजूने एकदा वाचा. परदेशी बँक विद्यार्थ्याला पहिल्यांदा काय विचारते? राहता कुठे? न्यूयॉर्कमध्ये बाबासाहेबांना पत्ता होता. लंडनमध्ये होता. ज्या संस्थानाने त्यांना शिकवलं, त्याच्या राजधानीत मात्र नव्हता. महालेखापालांच्या कचेरीत नोकरी होती, पण राहायला खोली नव्हती. पारशी सरायीत पारशी नाव लावून उतरावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांनी बाहेर काढलं. त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती. म्हणजे परदेशात कागद दाखवला की पत्ता मिळत होता, आणि मायदेशात जात कळली की पत्ता जात होता.

यानंतर बाबासाहेबांनी काय केलं, हे नीट पाहा. ते दुसऱ्या शिष्यवृत्तीची वाट पाहत बसले नाहीत. नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पगारातून पैसा साठवला. शाहू महाराजांनी मदत केली. कोलंबियापासूनचे मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. जुलै 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. या वेळी बांधून घेणारा करार नव्हता.

पण तेव्हाचा रुपया कसा होता? 1920 मध्ये सरकारने रुपयाचा दर दोन शिलिंग सोन्याचा ठरवला आणि तो सरकारला टिकवता आला नाही. 1921 मध्ये दर एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली गेला. हिशोब करून पाहा. दोन शिलिंगने पाच हजार रुपयांचे 500 पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सने होतात 333. रुपये तेवढेच, पण लंडनमधली एक तृतीयांश भाकरी गेली. अशा काळात लंडनमध्ये राहून बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. चलन काढणाऱ्याच्या मर्जीला लगाम हवा, हे त्याचं सार. 1923 मध्ये डी.एस्सी. मिळाली. 1925 मध्ये हिंदी चलनाच्या रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. पैसा कोणाच्या मर्जीवर असावा, हा प्रश्न त्यांनी आधी विद्यार्थी म्हणून सोसला आणि मग अर्थशास्त्रज्ञ म्हणून मांडला.

पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या शिष्यवृत्त्या सुरू करून घेतल्या. वणी-मुकुटबनच्या शेजारच्या चांद्याचे राजाभाऊ खोब्रागडे बॅरिस्टर झाले आणि पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. ही वाट आपल्या मुलखाला परकी नाही.

आता आजचं बोलू. जर्मनीच्या व्हिसासाठी विद्यार्थ्याने वर्षाचे 11,904 युरो बंद खात्यात आधी दाखवायचे, म्हणजे दहा लाखांहून अधिक रुपये. ब्रिटनला स्वतःच्या पैशावर जायचं तर ठरावीक रक्कम खात्यात सलग 28 दिवस पडून हवी. दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचणाऱ्या घराच्या खात्यात ती एक दिवस तरी असते का? मग उरते शिष्यवृत्ती. राज्याच्या राजर्षी शाहू योजनेत 75 जागा. केंद्राच्या योजनेत सगळ्या देशाला 125, त्यात अनुसूचित जातींना 115. इतकं करून पोरगं पोचलं की नवं चक्र सुरू होतं. खात्याला पत्ता लागतो, पत्त्याला खोली लागते, खोलीला अनामत लागते, आणि अनामतीसाठी हप्ता यावा लागतो. ज्याचा बाप हे चक्र एका फोनवर तोडतो, तो याला कागदपत्रांची किरकोळ अडचण म्हणतो. आपल्याला ती मधूनच परत फिरवू शकते.

म्हणून दोन कामं. पहिलं आपलं. आधार, पासपोर्ट आणि गुणपत्रिकेवरचं नाव आजच एकसारखं करून घ्या. बँकेसाठीचं पत्र विद्यापीठाकडून निघण्यापूर्वीच मागा. इथल्या बँकेला कळवून खातं अनिवासी करून घ्या. पहिल्या दोन महिन्यांचा खर्च वस्तीने, समाजाने वर्गणी काढून सोबत द्यावा. भथेना एकच होते, आपण शेकडो आहोत.

दुसरं काम शासनाचं. लंडनमधलं बाबासाहेबांचं घर राज्य सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं, चांगलं केलं. पण त्या घरात राहणारा विद्यार्थी पैशाअभावी एकदा अर्ध्यातून परतला होता, हे विसरून स्मारक होत नाही. पहिला हप्ता विमानात बसण्याआधी हातात पडला पाहिजे. ही मेहेरबानीची याचना नाही, शंभर वर्षांपूर्वी शिकलेल्या धड्यातून आलेली मागणी आहे.

मुकुटबनच्या त्या पोराने बरोबर विचारलं होतं. हसणाऱ्यांनीही आता विचारायला लागावं.

जयभीम!