विटाळ तोंडाचा, धूळ छातीतली

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते आपल्या माणसांना बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा सवर्ण विणकरांना विटाळ. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. बाकी खात्यांत कापसाची धूळ आपल्या छातीत जायची, तिचा विटाळ मात्र कुणाला झाला नाही!

मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले. १९४४ च्या वटहुकुमाने कोळशावर उपकर बसला, त्यातून खाण कामगारांचा कल्याण निधी उभा राहिला. जो धंदा माणूस झिजवतो, त्यानेच पैसा द्यायचा. १९९६ च्या कायद्यातल्या बांधकाम खर्चावरच्या एक टक्का उपकराने हाच विचार पुढे नेला.

आता बीड. परळीच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७१ चा. कोळशाची राख विटांत आणि सिमेंटात जाते. राखेत सिलिका, फरशीत सिलिका, फोडलेल्या काँक्रीटमध्येही तीच. कण फुप्फुसात रुतले की सिलिकोसिस होतो. तो बरा करणारे औषध नाही, आणि पुष्कळदा टीबी समजूनच उपचार चालतात. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. कटरवर पाण्याची धार हवी, नीट बसणारा मास्क हवा. अमेरिकेत १९३० च्या दशकात हॉक्स नेस्ट बोगद्यात याच धुळीने मेलेले बहुसंख्य मजूर काळे होते.

मंडळाचा भांड्यांचा संच जरूर घ्या, तो हक्कच आहे. पण साइटवर पाणी आणि मास्कही मागा. ठेकेदार ९० दिवसांच्या कामाचा दाखला द्यायला कां-कूं करतो, कारण दाखला दिला की मजूर आपलाच होता हे कागदावर येते.