सूर्याची डेडलाइन कोण सांगणार?

२०२४ च्या दिवाळीत मी गडचिरोलीला घरी होतो. अंगणात साध्या दुर्बिणीने सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडली. (दुर्बिणीला डोळा लावून सूर्य बघायचा नाही, डोळा कायमचा जाईल.) कागदावर काळे ठिपके उमटले. काकांनी विचारलं, "मंग असे डाग पुन्हा कवा येतीन गा?" मी ऐटीत म्हटलं, "अकरा वर्षांनी!"

अर्धवट उत्तर होतं ते. अकरा ही नुसती सरासरी. जर्मनीतल्या डेसाऊचा औषधविक्रेता श्वाबे १८२६ पासून रोज सूर्य बघायचा, तेही बुधाच्या आतला एखादा ग्रह शोधायला. ग्रह काही सापडला नाही. पण १८४३ मध्ये त्याने सांगितलं की डाग साधारण दहा वर्षांनी वाढतात आणि ओसरतात. प्रत्यक्षात एखादं चक्र नऊ वर्षांत आटपतं, एखादं चौदाच्या जवळ रेंगाळतं.

तारीख हवी कशाला? मे २०२४ च्या सौरवादळात लडाखच्या हानलेचं आकाश लाल झालं, तर अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवरचे ट्रॅक्टर अडले.

आपल्याकडे पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, प्रा. नायगमवाला यांनी १८८८ मध्ये वेधशाळा उभी केली. १९१२ मध्ये ती बंद झाली, वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिथे १९०४ पासून सूर्याचे फोटो काढणं चालूच होतं. त्या जुन्या काचा आज कामाला येतात. कारण डाग कमी असताना सूर्याच्या ध्रुवांवर चुंबकत्व किती, यावरून पुढचं चक्र केवढं येणार ते ताडता येतं. पण हे चुंबकत्व नियमित मोजायला लागले १९७० च्या दशकात. म्हणजे डेटा जेमतेम चार-पाच चक्रांचा! एवढ्यावर मी साधं मॉडेलही ट्रेन करणार नाही. त्याआधीच्या ध्रुवांचा माग कोडाईकनालच्या काचांवरून काढतात.

तरी अंदाज चुकतातच. २०१९ मध्ये नासा-नोआच्या पॅनेलने सांगितलं, शिखर जुलै २०२५ ला, डागांचा आकडा ११५. कोलकात्याच्या आयसरमधल्या प्रांतिका भौमिक आणि दिब्येंदु नंदी यांनी २०१८ मध्येच २०२४ च्या आसपासची वेळ दिली होती. शिखर आलं ऑक्टोबर २०२४ मध्ये, आकडा सुमारे १६०. वेळ कोलकात्याची बरोबर. उंची दोघांचीही हुकली.

परवा काकांना फोन केला. म्हटलं, २०३० च्या आसपास डाग बहुधा जवळजवळ नाहीसे होतील, तेव्हा ध्रुव बघून पुढचं सांगता येईल.

"म्हंजे तुलेही नाई मालूम," काका म्हणाले.