स्किझोफ्रेनियातील स्मृतिदोष व मेंदूचे प्रतिमांकन

स्किझोफ्रेनिया (छिन्नमानस) या मनोविकारात भास व संशय ही लक्षणे चटकन नजरेत भरतात. मात्र शिक्षण, नोकरी व घरची कामे पुष्कळदा अडतात ती स्मृतिदोषामुळे. औषधांनी भास ओसरले, तरी हा दोष बहुधा टिकून राहतो. त्याचे मेंदूतील मूळ शोधण्यासाठी प्रतिमांकनाचा उपयोग होतो.

स्मृतीचे प्रकार : कुरकुंभसारख्या (ता. दौंड, जि. पुणे) औद्योगिक वसाहतीत मिळालेल्या तीन-चार सूचना काम होईपर्यंत ध्यानात धरणे, हे कार्यरत स्मृतीचे काम; कालच्या पाळीला सोबत कोण होते हे आठवणे, हे प्रसंगस्मृतीचे. पहिलीत मेंदूच्या ललाटखंडाचा पुढचा भाग, तर दुसरीत हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग महत्त्वाचा असतो. या विकारात दोन्ही स्मृती दुबळ्या होतात.

संशोधन : इंग्वार व फ्रान्झेन या स्वीडिश संशोधकांना १९७४ मध्ये रुग्णांच्या ललाटखंडात रक्तप्रवाह तुलनेने कमी आढळला. १९७६ मध्ये ईव्ह जॉनस्टोन व सहकाऱ्यांनी लंडनमध्ये सीटी स्कॅन करून जुनाट रुग्णांच्या मेंदूतील पोकळ्या मोठ्या असल्याचे दाखवले. पुढे आलेले एफएमआरआय तंत्र रक्तातील ऑक्सिजनच्या बदलावरून मेंदूच्या कार्याचा माग काढते. स्टीफन हेकर्स व सहकाऱ्यांना १९९८ मध्ये पेट स्कॅनमध्ये असे दिसले, की शब्द आठवताना रुग्णांचा हिप्पोकॅम्पस पुरेसा कामाला लागत नाही. अमेरिकेतील वेन स्टेट विद्यापीठाचे वैभव दिवाडकर यांच्या गटाने २०१३ मध्ये वस्तू व जागा यांच्या जोड्या शिकतानाची निरीक्षणे मांडली : मेंदूची सक्रियता वाढलेली, पण भागाभागांतील समन्वय घटलेला. त्यामुळे एखाद्या भागातील बिघाडापेक्षा भागांच्या परस्परसंबंधांकडे लक्ष वळले.

मर्यादा : हे फरक गटांच्या सरासरीत दिसतात; रुग्ण व निरोगी व्यक्ती यांची मापे एकमेकांत मिसळतात. औषधे, धूम्रपान व तपासणीतील डोक्याची हालचाल यांचाही निष्कर्षांवर परिणाम होतो. म्हणून स्कॅनवरून या विकाराचे निदान होत नाही. निदान मनोविकारतज्ज्ञ रुग्णाशी व कुटुंबीयांशी बोलून करतात. ट्यूमरसारखे दुसरे कारण वगळण्यापुरता स्कॅन उपयोगी पडतो.

महाराष्ट्र : जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्थापलेली ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ रुग्ण व कुटुंबीयांसाठी काम करते. ‘देवराई’ (२००४) या मराठी चित्रपटाने या विकाराची ओळख घरोघरी पोहोचवली. ‘टेली-मानस’ (१४४१६) ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. 

उपचार : स्मृतिदोषावर सरावाधारित बोधनिक पुनर्वसनाचा काही प्रमाणात उपयोग होतो.