पोर्तुगीज चर्चमध्ये पोर्तुगीज काय आहे?

मी नागपूरचा. सदरमधून जाता-येता पाहिलेल्या जुन्या चर्चमुळे माझ्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलं होतं: टोकदार कमानी, उंच मनोरा, आत मंद उजेड. त्यामुळे मुंबईत टॅक्सीवाल्याने ‘घ्या, पोर्तुगीज चर्च आलं’ म्हणत दादरला उतरवलं, तेव्हा काँक्रीटच्या एका इमारतीसमोर उभा राहून मी चर्च शोधत होतो.

नाव खोटं नाही. १५९६ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी इथे ‘अवर लेडी ऑफ साल्वेशन’ चर्च उभारलं. पुढे पोर्तुगीज गेले, इंग्रज आले, तेही गेले. नाव राहिलं, इमारत राहिली नाही. आज दिसते ती वास्तू १९७४ ते १९७७ मधली, चार्ल्स कोरिया यांनी रचलेली.

जुनं पाडलं, याचं आधी वाईटच वाटलं. पण तो काळ बघा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकांच्या भाषेत मिस्सा करायची वाट मोकळी केली. त्यानंतर वेदीवरचे फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. प्रार्थनेची भाषा बदलली, उभं राहायची दिशा बदलली. मग इमारत तेवढी युरोपची का असावी?

कोरियांनी उत्तर मुंबईच्या हवेत शोधलं. एका मोठ्या बंद सभागृहाऐवजी त्यांनी एकमेकांत गुंतलेल्या जागा केल्या, काही छताखाली, काही उघड्या आकाशाखाली. वर निमुळत्या होत जाणाऱ्या काँक्रीटच्या छतांमधून गरम हवा बाहेर पडते आणि खाली वारा खेळतो. या रचनेमागे येशूच्या आयुष्याचे टप्पे आहेत: बाप्तिस्मा, लोकांमधला उपदेश, क्रूसावरचं बलिदान. डोंगरावर उपदेश करणाऱ्या येशूच्या डोक्यावर तरी कुठे छत होतं?

साबरमतीच्या आश्रमातलं गांधी संग्रहालयही (१९६३) कोरियांचंच. तिथेही अंगणं आहेत. वाडा पाहिलेल्या माणसाला अंगण ओलांडून आत जाणं नवीन नाही.

पाडलेलं परत येत नाही, तो तोटा खराच. पण चर्च म्हणजे आधी तिथे जमणारी माणसं, भिंती नंतर. ती माणसं अजून येतात. आणि इथली सगळ्यात जुनी गोष्ट दगडाची नाहीच. ती टॅक्सीवाल्याच्या तोंडी आहे.