तुमच्या फोनमधलं सोनं कोणी बनवलं?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड दर काही महिन्यांनी फिरून येतो: "साधा मोबाईलसुद्धा आपोआप बनत नाही, मग एवढं मोठं विश्व आपोआप कसं बनेल?" वाचायला पटतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. अ‍ॅपमधलं एक बटणसुद्धा आपोआप जागेवर बसत नाही. कोणीतरी डिझाइन करतं, कोणीतरी कोड लिहितं, कोणीतरी टेस्ट करतं.

पण या एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न मिसळलेत. फोनची मांडणी कोणी केली, हा एक. ती मांडणी ज्या पदार्थांतून केली ते पदार्थ कुठून आले, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आहे माणसं आणि कंपन्या. दुसऱ्याचं उत्तर शास्त्रज्ञांनी गेल्या शंभरेक वर्षांत शोधलंय, आणि त्यात कुठेही कारखाना किंवा आराखडा लागत नाही. या लेखात आपण तो दुसरा प्रश्न बघूया.

फोनमध्ये नक्की काय असतं?

- स्क्रीनच्या काचेत मुख्यतः सिलिकॉन आणि ऑक्सिजन
- बॅटरीत लिथियम, कोबाल्ट आणि ग्राफाइट, म्हणजे कार्बन
- प्लास्टिकमध्ये कार्बन आणि हायड्रोजन
- सर्किटमध्ये तांबं आणि जोडांवर सोन्याचा पातळ थर
- स्पीकरच्या चुंबकात निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन

एका फोनमध्ये सोनं किती? साधारण ०.०३ ग्रॅम. पण या यादीतली सगळ्यात लांबची गोष्ट त्याचीच आहे, म्हणून ते शेवटी घेऊ.

पहिली काही मिनिटं

विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं आहे. सुरुवातीला सगळं इतकं तापलेलं होतं की अणू टिकूच शकत नव्हते. विश्व पसरत गेलं तसं थंड झालं, आणि पहिल्या काही मिनिटांत प्रोटॉन-न्यूट्रॉन जुळून हलकी अणुकेंद्रकं तयार झाली. वजनाच्या हिशोबानं सुमारे ७५ टक्के हायड्रोजन, जवळपास २५ टक्के हेलियम आणि अगदी चिमूटभर लिथियम.

गाडी तिथेच अडली. कारण ५ किंवा ८ कण असलेलं एकही अणुकेंद्रक टिकत नाही. बनलं की लगेच तुटतं. पुढची पायरी चढेपर्यंत विश्व थंड आणि विरळ होऊन गेलं. म्हणजे तुमच्या फोनच्या प्लास्टिकमधला हायड्रोजन थेट त्या काळातला आहे. बॅटरीतलं थोडं लिथियमही तेव्हाचंच. बाकी यादी अजून बनायची होती.

तारा म्हणजे भट्टी

पुढचं काम गुरुत्वाकर्षणानं केलं. वायूचे ढग स्वतःच्याच वजनानं आकसले आणि आतून तापत गेले. तापमान पुरेसं वाढल्यावर हायड्रोजनचं हेलियममध्ये फ्यूजन सुरू झालं. तो झाला तारा. आपल्या सूर्याच्या गाभ्यात आज सुमारे दीड कोटी अंश तापमानाला हेच चालू आहे.

हायड्रोजन संपत आला की गाभा आणखी आकसतो. तापमान १० कोटी अंशांच्या घरात गेलं की तीन हेलियम जवळपास एकदमच जुळून कार्बन बनतो. वर सांगितलेली ५ आणि ८ ची अडचण इथे ओलांडली जाते. हे व्हायचं असेल तर कार्बनच्या केंद्रकात ऊर्जेची एक ठरावीक पातळी असायलाच हवी, असं फ्रेड हॉइल यांनी आधी गणितानं सांगितलं. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेकच्या प्रयोगशाळेत ती खरोखरच सापडली. हे हॉइल म्हणजे केंब्रिजमध्ये जयंत नारळीकरांचे मार्गदर्शक असलेले शास्त्रज्ञ.

मोठ्या ताऱ्यात ही साखळी पुढे जाते: कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, आणि शेवटी लोखंडाच्या आसपासची मूलद्रव्यं. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा झटपट संपतो. सूर्याच्या २५ पट वजनाच्या ताऱ्याला हायड्रोजन जवळपास ७० लाख वर्षं पुरतो. सिलिकॉनचा शेवटचा टप्पा साधारण एका दिवसात आटोपतो. लोखंडाच्या पुढे फ्यूजनमधून ऊर्जा मिळत नाही. भट्टी विझते, गाभा सेकंदाच्या आत कोसळतो आणि ताऱ्याचा स्फोट होतो. आत शिजलेला माल अवकाशात उधळला जातो. काचेतला बराचसा ऑक्सिजन-सिलिकॉन असाच आलाय.

मग सोनं?

लोखंडापेक्षा जड मूलद्रव्यं मुख्यतः वेगळ्या वाटेनं बनतात. केंद्रक एकेक न्यूट्रॉन गिळत जातं. म्हाताऱ्या ताऱ्यांत हे संथपणे होतं. निओडिमियमचा मोठा भाग तसा येतो. सोन्यासाठी मात्र न्यूट्रॉनचा अक्षरशः पूर लागतो, आणि तो येतो दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून.

१७ ऑगस्ट २०१७ ला लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी अशाच टकरीच्या गुरुत्वीय लहरी पकडल्या. टक्कर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं लांब झाली होती. लहरींनंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले, आणि पुढचे काही दिवस जगभरच्या दुर्बिणींना त्या प्रकाशात ताज्या जड मूलद्रव्यांच्या खुणा दिसल्या. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीनंही नंतर तिथल्या रेडिओ लहरी टिपल्या. लायगोसारखीच वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहतेय. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले.

हे सगळं खरं कशावरून?

सगळ्यात सरळ पुरावा टेक्नेशियम या मूलद्रव्याचा आहे. ते किरणोत्सारी आहे. त्याचा सगळ्यात जास्त टिकणारा प्रकारही सुमारे ४२ लाख वर्षांत निम्मा उरतो. १९५२ मध्ये पॉल मेरिल यांना काही लाल ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्नेशियम दिसलं. ते तारे त्यापेक्षा कितीतरी जुने. जन्मापासून असतं तर कधीच संपून गेलं असतं. म्हणजे तारा ते आत्ता, आपल्यासमोर बनवतोय.

पण गुंतागुंत आपोआप कशी वाढते?

खरा अडथळा इथे आहे. "सगळे अणू योगायोगानं बरोबर जागी बसायची शक्यता शून्य," असं म्हणतात. गंमत म्हणजे भंगाराच्या गोदामातून वादळ गेलं आणि बोइंग ७४७ तयार झालं, ही या मुद्द्याची प्रसिद्ध उपमा खुद्द हॉइल यांचीच. पण ती एक गोष्ट गृहीत धरते: सगळं एका झटक्यात व्हायला हवं.

लुडोचे १० फासे घ्या. सगळ्यांवर एकाच वेळी सहा पडायची शक्यता सुमारे ६ कोटींत १. आता नियम बदला: सहा पडलेला फासा बाजूला ठेवा, उरलेलेच पुन्हा टाका. सरासरी १६-१७ फेऱ्यांत काम संपतं. कोडिंग शिकत असाल तर दहा ओळींत करून बघा. फासे तेच, योगायोग तोच, फक्त जमलेलं टिकलं.

इथे कोणी म्हणेल, "सहा हवेत हे तूच ठरवलंस ना?" बरोबर. निसर्गात 'सहा' कोणी ठरवत नाही. जे केंद्रक स्थिर ते टिकतं, जे अस्थिर ते फुटतं. टिकलेल्यावर पुढचं रचलं जातं. कार्बन टिकला म्हणून ऑक्सिजन बनला. रेणूंचंही तसंच. २८ सप्टेंबर १९६९ ला ऑस्ट्रेलियात मर्चिसनजवळ पडलेल्या उल्केत ७० हून जास्त प्रकारची अमिनो आम्लं सापडली. त्यातली बरीचशी पृथ्वीवरच्या सजीवांत आढळतच नाहीत, म्हणजे ती इथून चिकटलेली नव्हती. सजीव आल्यावर टिकण्यासोबत स्वतःची प्रत काढणंही सुरू झालं, आणि तिथून नैसर्गिक निवडीनं वेग घेतला.

मग फॉरवर्डला काय उत्तर द्यायचं?

पहिल्या रेणूंपासून पहिली पेशी नेमकी कशी झाली, यावर अजून संशोधन चालू आहे. निसर्गाचे नियम असेच का आहेत, हा प्रश्नही उघडा आहे. त्यावर कोणी श्रद्धेनं उत्तर देत असेल, तर न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर ते खोडून काढत नाही. घरातल्या ग्रुपवर आजीशी भांडायला हा लेख वापरू नका.

पण "आपोआप काहीच बनत नाही" हे विधान मात्र तपासता येतं, आणि ते चूक आहे. फोनची मांडणी माणसांनी केली. त्यातलं सोनं कोणत्याही आराखड्याशिवाय बनलं, पृथ्वी जन्माला यायच्याही आधी. आणि तो फोन बनवणारी माणसं? त्यांच्या शरीरातला कार्बन आणि रक्तातलं लोखंड त्याच भट्ट्यांमधून आलंय.