ऋण चिन्हाचा दिशार्थ : खानदेशातील एक पूर्वपीठिका

यामिकीच्या आरंभी विद्यार्थी अडखळतो तो बलाच्या ऋण चिन्हापाशी. वस्तुतः ते चिन्ह केवळ मानलेल्या धन दिशेची उलट दिशा दर्शविते : ऊर्ध्व दिशा धन मानल्यास वजन ऋण, अधोदिशा मानल्यास तेच धन.

अमळनेरच्या विद्यार्थ्यास हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. त्याच्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळील पाटण येथे, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापिल्याचे १२०७ च्या शिलालेखावरून कळते. ‘लीलावती’त (११५०) भुजा १० व १७ आणि पाया ९ असा त्रिकोण आहे, लंबामुळे होणारे पायाचे खंड −६ व १५ येतात. ऋण खंड त्याज्य न ठरविता आचार्यांनी तो विरुद्ध दिशेचा मानला. लंब पायाबाहेर पडतो, इतकेच. अर्थात हे चिन्ह लांबीचे, बलाचे नव्हे. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध होण्यास अद्याप ५३७ वर्षे होती.